दोनशे बारा सुया

घोले रोडच्या कलादालनात माझं काम एवढंच होतं :
सुईत दोरा ओवायचा
आणि येणाऱ्याच्या हातात द्यायचा.
अकरा दिवस, रोजचे सहाशे, चहा वेगळा.
सोमवार पेठेत मी फॉल-पिको करते,
म्हणून ऋजुता मॅडमनी मला विचारलं.

या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
ताणून बसवलेलं मांजरपाटाचं कापड. कोरं.
इतकं कोरं की पहिल्या सकाळी लोक
चपला काढायच्या का, विचारत दारातच थांबले.
पाटी होती : कृपया हात लावावा.
एका आजोबांनी ती दोनदा वाचली,
दुसऱ्यांदा चष्मा पुसून.
मग मला म्हणाले, इथं 'लावू नये' हवंय.
कळवा त्यांना.

एक टाका घाला. हवा तिथं, हवा तसा.
एवढं म्हटलं की माणसं घाबरतात.
हिंजवडीहून आलेला एक मुलगा, गळ्यात ओळखपत्र तसंच,
अर्धा तास जागा शोधत फिरला
आणि खालच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही असा,
तिळाएवढा टाका घालून पळाला.
भिंगारदिवे काका, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त,
त्यांनी वीतभर सरळ रेघ घातली
आणि तपासायला पट्टी मागितली.
शाळेची मुलं आली तेव्हा मात्र
कापडाला मुंग्या फुटल्या.
एकीनं वेणीची रिबीनच शिवून टाकली
आणि बाई ओरडल्या, तर म्हणाली,
पाटी वाचा.

चौथ्या दिवसापासून ती यायला लागली.
स्कूटरवाली. तोंडाला स्कार्फ, कोपरापर्यंत मोजे,
डोळे तेवढे उघडे.
दोरा नको म्हणाली, नुसती सुई द्या.
आणि सुईच्या टोकानं, अगदी सावकाश,
कुणाचा तरी एक टाका उसवला.
दोरा पर्समध्ये ठेवला. गेली.
दुसऱ्या दिवशी आणखी एक.
तिसऱ्या दिवशी आणखी.

मी मॅडमना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, उसवणं पण शिवणकामच ना?

हे आता मला विचारायचं!
निम्मा जन्म लोकांच्या शिलाया उसवण्यात गेलाय.
बायका भरतात, वाळतात,
बाळंतपणं होतात, आजार होतात,
कापड तेच राहतं, माप बदलतं.
उसवायचे पैसे मात्र आजवर कुणी दिले नाहीत,
म्हणतात, त्यात काय एवढं.
भोकं दिसतात काही दिवस.
धुतल्यावर बुजतात.
सगळी नाही.

शेवटच्या दिवशी मी धीर करून विचारलं,
कुणाचे टाके शोधता?
ती म्हणाली, कुणाचे नाही.
जास्त घट्ट झालेले बघते.
कापड ओढलं जातं तिथं.
ती गेल्यावर मी बोट फिरवून पाहिलं.
चुणी गेली होती.

रात्री सुया मोजल्या. दोनशे नऊ.
मॅडम गुच्छ गाडीत ठेवायला गेलेल्या,
वॉचमननं निम्मे दिवे घालवलेले.
सकाळी घडी घालताना कुणाच्या तरी बोटात जायची,
म्हणून मी तळवे टेकले आणि डावीकडून निघाले.
डोळे मिटून. सुई काही दिसत नाही, लागते.
गाठी लागल्या, सुटलेली टोकं लागली,
पट्टीनं मोजलेली ती रेघ लागली, सरळच होती.
एक जागा नुसतीच मऊ होती,
काही नव्हतं तिथं, तरी मी थांबले.
एवढं कापड हातानं वाचलेली
मी एकटीच असेन.

दोन सापडल्या.
तिसरीसाठी स्टुलावर चढले, वॉचमनची बोलणी खाल्ली,
आणि रजिस्टरात दोनशे बारा लिहून सही केली.

ती घरी सापडली, साडी बदलताना,
माझ्याच खांद्यावर, ब्लाउजला,
सवयीनं टोचून ठेवलेली.
निळा दोरा ओवलेला,
टोकाला गाठसुद्धा मारलेली.