कुजवायला शिकताना

आमच्या गावात काही सडत नाही.
समुद्र म्हणे चार हजार मीटर खाली आहे,
आम्ही कुणी पाहिलेला नाही.
जूनच्या रात्री बटाटे उघड्यावर पसरायचे,
हिवाने दगड झाले की सकाळी उन्हात
अनवाणी तुडवून त्यांचं पाणी काढायचं.
उरतो तो चुन्यो, काळा, हलका,
हातात घेतला तर वाटतं आत कुणी नाही.
वर्षानुवर्षं टिकतो.
मांस दोरीवर टिकतं. रागसुद्धा टिकतात.

म्हणून इलारिया बाईंनी फळ्यावर लिहिलं,
'यंदाचा प्रकल्प : कुजवणे',
तेव्हा वर्ग हसला,
आणि शाळेच्या भिंतीशी ऊन खात बसलेले
दोन आनाक्लेतो खिडकीतून म्हणाले,
आमच्या सात पिढ्या कुजू न देणं शिकल्या,
आणि तुम्ही कुजवायला दप्तर घेऊन येता?

निळं पिंप मिळालं. ट्रकची एक ट्यूब
रेमिखियोच्या मामाने दिली, तीन ठिगळांची.
लामाच्या लेंड्या मी वेचल्या,
सालं स्वयंपाकघरातून, आणि मीच
हुशारी करून किन्वा धुतलेलं
कडू, फेसाळ पाणी ओतलं.
बाई म्हणाल्या, साबण पाजलास त्यांना.
'त्यांना' म्हणजे कोण ते दिसत नव्हतं,
पण त्या दिवशी मला पहिल्यांदा
न दिसणाऱ्यांची लाज वाटली.

पुन्हा भरलं.
सव्वीस दिवसांनी ट्यूबने पोट जरा वर काढलं.
काडी लावली. काडी विझली.
दुसरी लावली, तीही विझली.
पहिला वायू असाच असतो, बाई म्हणाल्या,
सोडून द्या, पुन्हा वाट बघा.
रेमिखियो म्हणाला, वाट बघायचे गुण आहेत का?
बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. बहुतेक त्याचं नाव.

मग जुलै.
बादलीतलं पाणी रात्रीत काच व्हायचं.
पिंपाभोवती गवत रचलं, मातीच्या विटा रचल्या,
तरी आतले झोपले.
वारा तार्कीने घरून आवायो आणला,
लाल, जांभळा, एका कोपऱ्यात दुधाचा डाग.
धाकट्याला यातच पाठीशी बांधायची ती,
आता तो चालतो, म्हणाली,
आणि पिंपाला गाठ मारली,
मूल बांधताना मारतात तीच गाठ.
कुणी हसलं नाही.
रोज दुपारी ती पिंपाला कान लावायची.
काय ऐकू येतं विचारलं तर म्हणायची, ढेकर.

ओरुरोच्या प्रदर्शनात
आमचं टेबल भर उन्हात आलं.
बारा वाजता वाराने काडी लावली.
फस् झालं, आणि मग काहीच नाही.
टायवाले परीक्षक वाकले.
ज्योत कुठे आहे?
आहे, सर.
दिसत नाही.
निळी आहे, सर, उन्हात हरवते.
त्यांनी घड्याळ पाहिलं,
शेजारच्या टेबलावर एक यंत्रमानव
हात हलवत होता, तिकडे गेले.

आम्ही बर्नरवर पत्र्याचा डबा ठेवला.
इथे पाणी लवकर उकळतं,
उंचीने आमच्यावर केलेला तेवढाच उपकार.
डबा गुणगुणला, मग बोलू लागला.
मुन्याची पानं टाकून आम्ही चौघांनी
एकाच कपातून चहा प्यायलो.
जीभ भाजली. बाईंचीही.
क्रमांक आला नाही.

परतल्यावर एका संध्याकाळी
दोन आनाक्लेतो छपरीत आले.
अंधार होता, म्हणून ज्योत दिसली,
बोटाएवढी, निळी, खाली थोडी हिरवट.
बराच वेळ टोपी हातात धरून उभे राहिले.
मग खिशातून एक चुन्यो काढला,
पिंपाच्या तोंडाशी नेला,
थांबले,
हा नको, म्हणाले, हा अजून चांगला आहे,
आणि परत खिशात टाकला.

जाताना मात्र
चपलेला लागलेली लेंडी
पिंपाच्या काठावर नीट खरवडून गेले.