तीन नावांतलं दुसरं

दुपारी अडीचला सुकेशिनी चौरागडेचा फोन.
बाहेर शेहेचाळीस, कूलरचा पंप नुकताच बसलेला.
"मॅडम, डब्लिनहून मेल येईन तुमाले.
तीन नावं लागतात, दुसरं तुमचं देलं.
स्पॅममध्ये पण पाहून घ्याजा."

पहिलं डॉक्टर घाटोळेंचं. त्यांना ती
'ती उंच सिस्टर' एवढीच आठवणार.
तिसरं कोणाचं, मी विचारलं नाही.

हॉस्पिटलचाच ईमेल हवा म्हणे.
माझा तर निवृत्तीबरोबर गेला,
किल्ल्यांच्या जुडग्यासोबत.
मग धंतोलीत जाऊन नव्या मेट्रनकडून
लेटरहेडवर लिहून आणलं, की मी मीच होते.
सतरा वर्षं.

आता रकाने.
वक्तशीरपणा: एक ते पाच.
दबावाखाली काम: एक ते पाच.
मे महिन्यात रात्रभर लाइट नव्हती तेव्हा
ओल्या चादरी खिडक्यांना बांधून
मोबाइल दातांत धरून
ती सलाइनचे थेंब मोजत होती.
ह्याला किती?
पाचच्या पुढे काही नाहीच.

खाली, बारीक अक्षरांत:
उमेदवारावर कधी शिस्तभंगाची कारवाई?

झाली होती. मीच केली.
चाळीस मिनिटं उशीर, मेमो, लाल शाईत सही.
ती तेव्हा शवागाराबाहेर बसली होती
सात नंबरच्या पोराच्या आईसोबत,
तिला ऑटो मिळेपर्यंत.
मला कळलं दोन महिन्यांनी, निर्गुणाबाईकडून,
फरशी पुसता पुसता.
मेमो फाइलमध्येच राहिला.
काढता आला असता.

'नाही'वर टिक केली तर कोण बघतंय?
पण पहिल्याच आठवड्यात मी तिला शिकवलं होतं:
चुकलेली नोंद गिरवायची नाही, खोडायची नाही.
एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे,
बाजूला सही.

'हो' लिहिलं.
पुढे चार ओळींची जागा होती, तीन लागल्या.
चूक कोणाची, ते दुसऱ्या ओळीत आलं.

सबमिटवर चाक फिरत राहिलं.
शेजारचा वेदांग म्हणाला, "काकू, नेट स्लो हाय. हात नोका लावू."

संध्याकाळी तिचा फोन. गेलं का?
गेलं, म्हटलं. मेमोचं बोलले नाही.
"तिसरं नाव कोणाचं गं?"

"अजून कोणाचंच नाही, मॅडम.
निर्गुणाबाईले विचारलं होतं. हो म्हणे ते.
पण ईमेलच नाही न तिच्यापाशी."