तुटक रेषा

आगोंदच्या वाळूकडे पाठ केली तेव्हा
अंधार अजून ओला होता.
उमो पागी पुढे. कमरेला कोयता,
खांद्यावर शिणाण्यांसाठी नायलॉनची पिशवी,
पायात काही नाही.
माझ्या पायात मुलीने घेऊन दिलेले बूट,
खोक्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं.

"अवसेची सुकती," तो म्हणाला.
"णव वरांमेरेन वाट आमची. मागीर दर्याची."

एकतीस वर्षं हा किनारा मी काढला.
पणजीत, पंख्याखाली, ट्रेसिंग पेपरवर.
वाळूला ठिपके, कातळाला दाते,
आणि साहेब जिथे म्हणायचे,
"इथे कोण जातंय मोजायला?"
तिथे तुटक रेषा.

त्या तुटक रेषेत आत्ता माझा उजवा गुडघा आहे.

वर जांभा, पोळ्यासारखा भोकाभोकांचा,
हात टेकला की लाल भुकटी.
खाली काळं खडप, त्याला कालवांची धार;
एकदाच घसरलो,
तळहातावर चार बारीक रेघा
आणि मिठाने त्या लगेच वाचून काढल्या.
मध्ये केवड्याचं बन. त्याला वाट विचारायची नसते.
करवंदीने सदऱ्याची अर्धी बाही ठेवून घेतली.

उमो दगडांना नावाने ओळखतो.
हा आंकवार. ही बांयची पायरी.
हांगा मिंगेल पडलो.
"मेला?"
"ना रे. पडलो. मागीर ताचें काजार जालें."

नकाशावर यातलं एकही नाव नाही.
कुणी विचारलं असतं तर जागा होती.
बारीक अक्षरात माझा हात बरा होता.

मग घळ.
रुंदी आडव्या म्हशीएवढी,
खोली मी पाहिली नाही.
पाणी आत यायचं, थांबायचं,
काहीतरी विसरल्यासारखं परत जायचं.
उमो पलीकडे कधी गेला ते कळलंच नाही.
तिथून म्हणाला, "दर्या पळोवं नाका. पांय पळय."
मी पाय पाहिला. बूट दिसला.

बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधून
गळ्यात घातले,
आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी
पायाच्या बोटांनी दगड धरला.
थंड, खारट. मांजराच्या जिभेसारखा.
वर काकणांची जोडी ओरडत होती,
बहुधा आमच्यावरच.
मधोमध नाडीची गाठ सुटली.
डावा बूट खाली गेला,
पाण्याने तो एकदा वर आणून दाखवला,
मग ठेवून घेतला.
उमो काही बोलला नाही.

एक गोष्ट मीही त्याला सांगितली नव्हती.
सत्त्याऐंशी साल, शीट क्रमांक चौदा,
रेषा ओढताना शिंक आली.
किनाऱ्याला एक खाच पडली.
ब्लेडने खरवडली, कागद पातळ झाला,
भीती वाटली, तशीच राहू दिली.
तपासणाऱ्याने सही केली. छापून आली.
गोव्याच्या नकाशात एक खाडी,
तांदळाएवढी, माझ्या नाकातून आलेली.

ती शोधायला आलो होतो.
म्हणजे, नाही हे बघायला.

खोल्याच्या अलीकडे, मनात शीट उलगडून,
"इथेच," मी म्हणालो.
सरळ कडा. तासल्यासारखा. खाच नाही.
बराच वेळ उभा राहिलो,
एका पायात बूट, एक पाय खडपावर.
उमो उकिडवा बसून शिणाणे सोडवत होता,
त्याच्या कोयत्याचा आवाज
हुबेहूब माझ्या ब्लेडचा.

"हांगा कितें नांव?"
त्याने कड्याकडे पाहिलं.
"हाका नांव ना. हांगा कोणूच रावना."

भरतीने आमच्या मागची वाट
एकेक दगड करून मिटवत आणली होती.
मुळं धरून वर चढलो. माथ्यावर सड्याचं गवत,
द्वारकी वेळीप विळा थांबवून बघत राहिली,
उमोच्या ठिबकत्या पिशवीकडे,
मग माझ्या पायांकडे.

"खंयच्यान आयले?"

"बुटाचे घळींतल्यान," उमो म्हणाला,
जणू ती तिथे आजोबांपासून होती.
तिने मान डोलावली. पुन्हा गवताकडे वळली.

खिशात पेन्सिल होती.
काढली नाही.