नेपथ्य : एक दार

मंडळाच्या वहीत, पान तीनवर, माझ्याच अक्षरात
मालमत्तेची नोंद आहे :
दिवे चार, पैकी चालू तीन,
मिशा दोन, पितळी घंटा एक,
आणि दार, चौकटीसकट.

दार फुकट मिळालं.
वाशीत, सेक्टर नऊमधली इमारत पाडायला घेतली
तेव्हा वाघुलेने ते पाठीवर घालून आणलं.
दिवसभर मार्केटात कांद्याच्या गोणी वाहणारा माणूस.
'हलकंय,' म्हणाला, 'आत कुणी नाही ना.'

तेव्हापासून आमच्या प्रत्येक नाटकात दार असतं.
होडीत घडणाऱ्या एकांकिकेतसुद्धा होतं.
परीक्षकांनी विचारलं, हे प्रतीक कशाचं?
मोरेश्वर कडू, आमचे दिग्दर्शक, गूढ हसले.
खरं म्हणजे दुसरं काही नव्हतंच उभं करायला.

यंदाचं नाटक साधं.
एक परकी बाई पत्ता चुकून
एका घरात येते, पहिल्यांदाच.
भूमिका चौगुलेबाईंची. टेलिफोन खात्यात तीस वर्षं
'थांबा, जोडून देते' म्हणालेला आवाज
शेवटच्या रांगेपलीकडे, चहाच्या स्टॉलपर्यंत स्वच्छ जातो.

तालीम रात्री साडेनऊला, रेशन दुकानाच्या वरच्या खोलीत.
यमुना गायकर दिवाळ्याच्या मासळीबाजारातून येते
हाताला लिंबू चोळत,
हर्षाली ऑफिसचा कॉल कानात ठेवूनच
रडण्याचा प्रवेश करते,
आणि मी, चिटणीस तथा प्रॉम्प्टर, विंगेत.
म्हणजे जिन्यावर.

पहिल्याच दिवशी कडू ओरडले,
'बाई, दार उचलताय कशाला?'
आम्ही कुणी पाहिलंच नव्हतं :
मुठीवर हात ठेवला की त्या दार किंचित वर घेतात,
खाली गुडघ्याचा टेकू देतात,
मग ढकलतात.
'परक्या आहात तुम्ही. परक्याला काय माहीत
हे खाली घासतं म्हणून?'
आणि आता ते घासतही नव्हतं.
बिजागऱ्या नव्या. पावती आहे माझ्याकडे.

'हो, चुकलं,' बाई म्हणाल्या.
पुन्हा प्रवेश. पुन्हा उचललं.
अकरा वेळा. मी मोजत होतो.
बाराव्यांदा त्या दारामागेच थांबल्या.
वाक्य होतं, 'कुणी आहे का घरात?'
त्यांना ते पाठ होतं, मला ठाऊक होतं,
तरी मी हळूच दिलं.
पलीकडून काहीच आलं नाही.

खाली दुकानाचं शटर पडलं.
मग वाघुले, जो एरवी फक्त पडदा ओढतो,
जमिनीकडे बघत म्हणाला,
'बी-दहा, पहिला मजला. होय ना?
चौकटीला आतून पेन्सिलीच्या रेघा होत्या, उंचीच्या.
रंग देताना तेवढ्या जागी मी ब्रश नाही फिरवला.'

कडूंनी माझ्या हातातली संहिता घेतली,
'पहिल्यांदाच' शब्दावर काट मारली.
पुढची तीन पानं त्या एका काटेने
आपोआप बदलली. मला सगळं नव्याने उतरवून काढावं लागलं,
झेरॉक्स धरून खर्च एकशेचाळीस.

प्रयोग ठाण्याला झाला. तिसऱ्या घंटेला
सभागृह अर्धं भरलेलं, त्यातले निम्मे पुढच्या संघाचे.
बाईंनी दार उचललं, टेकू दिला, ढकललं,
आणि काहीच न बोलता आत उभ्या राहिल्या.
इतका वेळ, की मी वाक्य तोंडात धरून बसलो
आणि दिलं नाही.

निकाल : अभिनय, उत्तेजनार्थ.
परीक्षकांचा शेरा : 'नेपथ्य कमकुवत.
दार खरं वाटत नाही.'
वाघुले हा शेरा मार्केटात सगळ्यांना हसून सांगतो.

प्रयोगानंतर बाईंचा मुलगा विंगेत आला होता.
कुणाशी न बोलता चौकटीच्या आत जाऊन उभा राहिला.
सगळ्यात वरची रेघ त्याच्या कोपराला लागत होती.
टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता,
वेटिंगचे दोनशे जादा लावले त्याने,
ते कुठल्या खात्यावर टाकायचे
अजून ठरलेलं नाही.