ग्रिम्सबीच्या मासळीबाजारात

डाव्या गालानं संप पुकारून एकवीस दिवस झाले.
चहा ओघळतो. 'प' म्हणताना वारा सुटतो.
घरी आरशावर टॉवेल.

नॉर्मन प्लेस मासा उलटून दाखवतो:
वर नारिंगी ठिपके, खाली पांढराफटक.
"पिल्लू असताना चारचौघांसारखाच, लव्ह,
एक डोळा इकडे, एक तिकडे.
मग डावा उठतो,
डोकं ओलांडून उजव्याशेजारी राहायला येतो."

बादलीत चुकून आलेला तारामासा,
पाचही हातांनी सारखाच हरवलेला.
त्याला डावं-उजवं ठाऊकच नाही.

दुखत असेल का?
नॉर्मन सुरी पुसतो.
"तळाशी राहायचं तर
एक बाजू वाळूला द्यावी लागते."

दोन घेतले.
पैसे देताना हसू आलं, उजवीकडेच.
त्यानं मोड मोजून दिली, नेहमीसारखी.