टक्कल पडलेले चेंडू

अप्पा कॅम्पातल्या क्लबात मार्कर होते.
पहाटे पाचला वडगावातून सायकल काढायची,
कपिलेश्वराच्या फाटकाशी हटकून गाडी आडवी यायची.
मग कोर्टावर रोलर, पाणी, सुतळी
आणि सुतळीच्या कडेनं चुन्याची रेघ.
रेघ मारताना ते बोलत नसत.
घरी तरी कुठं बोलत म्हणा.

शनिवारी डब्याच्या पिशवीतून चेंडू निघत,
साहेब लोकांनी टाकून दिलेले, लव झडलेले,
आमच्या मातीनं तांबडे झालेले.
भरमाणी, माझा भाऊ, एकेक दाबून बघायचा,
बाजारात पेरू बघावा तसा.
तिकडं म्हातारा म्हणून निघालेला चेंडू
इकडं बोळात पुन्हा कामाला लागायचा.
वीज गेली की माग थांबत
आणि विणकरांची पोरं बाहेर येत.
आमच्या सगळ्या मोठ्या मॅची वीजमंडळानं भरवल्या.
नियम एकच पक्का: कौलावर गेला की बाद.

मला खेळायला घेत नसत. मी धावा लिहायची,
अप्पांच्या पगाराच्या पाकिटाच्या पाठीवर.
गुरुशिद्द कानडीत मोजायचा, इनास इंग्रजीत,
भरमाणी स्वतः बाद झाला की
कुठल्याच भाषेत मोजत नसे.

एकदा अप्पा डबा विसरले, तो द्यायला मी गेले.
जाळीबाहेर उभी राहिले.
कुणा मेजरची मुलगी, माझ्याच वयाची,
चेंडू वर टाकून आभाळात बघत होती,
आणि तेवढा वेळ
तिला कोणी हाक मारत नव्हतं.
टेनिस मला तेव्हा कळलं. नियम पुष्कळ नंतर.

तिचा चेंडू रेघेवर पडला, चुना उडाला.
"आत," अप्पा म्हणाले. "रेघेला शिवला की आत."
बोळात येऊन सांगितलं तर भरमाणी हसला.
आपल्यात उलटं, म्हणाला. बॅट रेघेवर राहिली तर बाद,
पलीकडं टेकवायला लागते.
रात्री अप्पांना विचारलं, मग खरं काय?
त्यांनी भाकरी मोडली. "चुना तोच असतोय," म्हणाले.

त्या साली गावातल्या पाट्या दोनदा पुसल्या, दोनदा रंगवल्या.
गुरुशिद्द चार दिवस आला नाही.
पाचव्या दिवशी आला. त्याची बॅटिंग राहिली होती.

आता मी दोन्ही बघते.
क्रिकेट बघताना मेथी निवडून होते,
टेनिस लागलं की जुडी मांडीवर तशीच.
क्रिकेटमध्ये मला सीमारेषेवरचा तो एकटा आवडतो,
ज्याच्याकडं तासभर चेंडू येत नाही
तरी दर चेंडूला दोन पावलं पुढं येतो,
पुन्हा मागं जातो.
टेनिसमध्ये हरलेला आवडतो, पिशवी भरताना:
टॉवेल, बाटली, तुटकी रॅकेट.
अप्पा असेच भरत. घाई नाही, वर बघणं नाही.

रेघेचा निवाडा आता यंत्र करतं.
चेंडूची सावली मोठी करून दाखवतात,
लांबट, अंड्यासारखी.
अप्पा उकिडवे बसून नुसती माती बघत.
चुकतही असतील. कोण विचारणार मार्करला?

गेल्या महिन्यात कौलं उतरवली, पत्रा घालायचा होता.
गवंड्यानं पन्हळीतून एक चेंडू काढून दिला,
पूर्ण टकला, एका बाजूनं शेवाळलेला.
मी दाबून बघितला. थोडा जीव होता.
भरमाणीला उद्यमबागेत फोन लावला,
मागं फौंड्रीचा आवाज, त्याला नीट ऐकू जात नव्हतं.
दोनदा ओरडून सांगितलं: चेंडू! आपला! पन्हळीत!

तो जरा वेळ गप्प राहिला.
मग म्हणाला, बघ,
कौलावर नव्हताच गेला.
पाकीट असलं कुठं तर काढ.
मी बाद नव्हतो.