हातचा एक

एप्रिल संपत आला की योएन्सूत ऊन येतं
ते भाडं वसूल करायला आल्यासारखं.
सरळ आत. बूट न काढता.
आणि बोट ठेवत जातं, हे बघ, हे बघ,
आणि कपाटाच्या वर? तिथे कधी पाहिलंस?
काळोखाच्या महिन्यांत
आम्हाला वाटत होतं, घर तसं स्वच्छ आहे.

दुहेरी काचांच्या मधे मागल्या ऑगस्टच्या माश्या,
पाठीवर, पाय जुळवून.
योउनी किल्ली फिरवून आतली काच उघडतो,
म्हणतो, चला बायांनो, पोचलात.

मी तीन पिशव्या मांडल्या होत्या :
ठेवायचं, द्यायचं, टाकायचं.
तासाभरात चौथी आपोआप उगवली, बघू-नंतर.
तीच सगळ्यात आधी भरली.

पाच माणसं, बहात्तर चौरस मीटर.
हॉकीच्या काठ्या अकरा, खेळणारे दोन.
झाकणाविना डबे, डब्याविना झाकणं,
एक चार्जर, ज्याचा फोन कुठल्या साली वारला कुणास ठाऊक.
पिह्लाचे पहिले स्केट,
मग तोउकोचे, मग इल्मोचे,
आतल्या कातड्यावर तीन नावं, दोन खोडलेली.
चौथ्याला जागा आहे. चौथं नाव नाही.
ते मी कुठल्या पिशवीत घातले
ते इथे लिहीत नाही.

दाराजवळच्या खणात लोकरीचे हातमोजे,
अंगठा तेवढा सवता, बाकी बोटं एकत्र कुटुंबात.
सतरा. जोडी एकाचीही नाही.
दरवर्षी खण उघडते, म्हणते, असू दे,
सापडेल दुसरा,
आणि खण लावते. गुडघ्यानं.

टेबलाशी इल्मो बेरीज करत होता, मोठ्यानं :
आठ नि सात पंधरा,
पंधराचे पाच,
हातचा एक.

हातचा एक.
मी ऐकलं आणि खणच उपसला.
किती वर्षं नुसता हातचा धरून बसायचं?
पुढच्या घरात मिळवावा,
नाहीतर गणित चुकलं म्हणावं नि पान उलटावं.
सतरा हातमोजे पिशवीत, पिशवी कोपऱ्यावरच्या पेटीत.
त्या पेटीचं झाकण असं आहे की
घेतं. देत नाही.

मग अंगणातल्या दांडीवर सतरंज्या.
चिंध्यांच्या आहेत, घरच्याच :
ही निळी पट्टी योउनीची कामावरची विजार,
ही पिवळी, पिह्लाला ज्यात गुंडाळून आणलं ती चादर.
पिवळ्यावर फटका जरा हळू पडतो.
दुसऱ्या मजल्यावरून रौहाबाई घड्याळ दाखवतात,
धूळ आठपर्यंतच, पाटीवर लिहिलंय.

गाड्यांच्या पलीकडे बर्फाचा ढीग,
जानेवारीत दुमजली, आता काळा, कुत्र्याएवढा.
तोउको त्याला काठीनं खाजवत होता.
आई!
लाल, पांढऱ्या चांदणीचा. डावा.
मग हिरवा. मग करडा, अंगठ्याला भोक पडलेला.
एक चमचाही.
आई, बघ ना, सापडले! आता दुसरे काढ.

मी रस्त्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं.
योउनीनं माझ्याकडे पाहिलं आणि,
वीस वर्षांच्या संसाराचं शहाणपण,
तो सतरंजी घडी करू लागला.

पिह्लानं काही विचारलं नाही.
इथे सापडलेला हातमोजा कुंपणाच्या खांबावर घालतात.
तिनं आमचे तिन्ही घातले.
तिकडे आधीच होते, कुणाकुणाचे, पाचसहा,
वाऱ्यात ताठ,
जसा सगळा वर्ग हात वर करून बसलाय
आणि बाई प्रश्नच विसरल्यात.

रात्री खण रिकामा. कागद घातला नवा.
उघडून दोनदा पाहिला, कशालाच नाही, असाच.

सोमवारी त्यात एक किल्ली,
अर्धं बिस्किट,
आणि एक ओला हातमोजा.
कुणाचा, विचारलं.
तिघांपैकी कुणाचाच नाही.
खण लावला. गुडघ्यानं.